रात्रभर उभी राहिली की सकाळी तिनावर: थंड स्टार्टनंतर पाऊण मिनिट मिसिंग मारणाऱ्या जुन्या पेट्रोल गाडीचं निदान

गाडी १७ वर्षांची, चाललेली १,४८,००० किलोमीटर. १.४ लिटरचं चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, बिडाचा ब्लॉक, वर अ‍ॅल्युमिनियमचं हेड. प्रत्येक सिलिंडरला वेगळा इंजेक्टर आणि प्रत्येक प्लगवर वेगळी कॉइल. तक्रार अशी की रात्रभर उभ्या गाडीला सकाळी सेल्फ मारला की इंजिन लगेच पकडतं, पण पुढची ४० ते ५० सेकंदं तिनावर चालतं, म्हणजे चारपैकी एक सिलिंडर पेटत नाही (यालाच मिसिंग किंवा मिसफायर म्हणतात). स्टिअरिंग थरथरतं, सायलेन्सरमधून फट-फट आवाज येतो, चेक लाइट लुकलुकतो. मग सगळं शांत होतं आणि दिवसभर पुन्हा काही होत नाही.

पाच महिने हे चाललं होतं. तेवढ्यात चारही प्लग बदलून झाले, आधी एक आणि मग उरलेल्या तीन कॉइल बदलल्या, थ्रॉटल बॉडी साफ झाली, कूलंटचा टेंपरेचर सेन्सर नवा बसला, पेट्रोलच्या टाकीत इंजेक्टर क्लीनरच्या दोन बाटल्या ओतून झाल्या. फरक काहीच पडला नाही. यातला एकही भाग खराब आहे का, हे बदलण्याआधी मोजून पाहिलेलं नव्हतं. सगळा दोष मेकॅनिकला देऊनही चालणार नाही. गाडी गॅरेजपर्यंत पोचते तोवर इंजिन गरम झालेलं असतं, मिसिंग गेलेलं असतं आणि समोर उरतो तो स्कॅनरमधला एक कोड. इथे तो पी०३०३ होता, म्हणजे तिसऱ्या सिलिंडरचं मिसफायर. कोड सिलिंडर सांगतो, कारण सांगत नाही.

हा दोष चोवीस तासांत एकदाच आणि तोही पाऊण मिनिट दिसतो. ती संधी हुकली की दुसऱ्या दिवसापर्यंत थांबावं लागतं. म्हणून अशा गाडीवर काम करताना काय पाहायचं ते आदल्या संध्याकाळीच ठरवून, एका सकाळी एकच प्रयोग करायचा. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर सकाळ वाया गेली असं समजावं.

थंड आहे म्हणून, की उभी होती म्हणून?

“थंड इंजिन नीट चालत नाही” असं आपण सहज म्हणतो, पण त्यात दोन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. एक म्हणजे इंजिनचं तापमान कमी आहे. दुसरी म्हणजे गाडी बरेच तास उभी आहे आणि त्या तासांत काहीतरी कुठेतरी झिरपलं, गळलं किंवा दाब उतरला. तापमानाचा प्रश्न असेल तर संशय सेन्सरवर, पेट्रोलच्या मात्रेवर, थंडीत आक्रसणाऱ्या गॅस्केटवर जातो. उभं राहण्याचा प्रश्न असेल तर इंजेक्टर, पेट्रोल पंपाचा चेक व्हॉल्व्ह, हायड्रॉलिक टॅपेट (तेलाच्या दाबावर व्हॉल्व्हची फट भरून काढणारे भाग) आणि कूलंट यांच्याकडे पाहावं लागतं. या दोन वाटा सुरुवातीलाच वेगळ्या केल्या नाहीत तर माणूस भाग बदलत बसतो. इथे नेमकं तेच झालं होतं.

म्हणून पहिले आठ दिवस पाना हातात घेतलाच नाही. गाडीमालकांनी रोज वहीत चार गोष्टी टिपल्या: बंद करताना इंजिन पूर्ण गरम होतं का, गाडी किती तास उभी होती, सेल्फ मारताना हवेचं तापमान किती आणि मिसिंग किती सेकंदं टिकलं. हवेचं तापमान सगळे दिवस १४ ते १८ अंशांच्या आतच होतं, हे नशीब म्हणायचं.

पूर्ण गरम इंजिन बंद करून १ तासाने सुरू केलं तर काहीच नाही. ४ तासांनी सुरू केलं तर ८–१० सेकंदं मिसिंग. ११ तासांनी ४५ सेकंदं. तीन दिवस उभी ठेवली तरीही ४५च्या आसपास, म्हणजे जास्त दिवसांनी दोष वाढत नव्हता. आणि एक नोंद अशी, जिने तपासाची दिशाच ठरवली. एका संध्याकाळी गाडी फक्त जागेवरून हलवून लावली होती. इंजिन पाचेक मिनिटं चाललं, तापमानाचा काटा अर्ध्यापर्यंतही आला नव्हता. दुसऱ्या दिवशी १२ तासांनी, तेवढ्याच थंडीत, सेल्फ मारला तर चारही सिलिंडर पहिल्या फटक्यात चालले.

इंजिन तितकंच थंड होतं, तासही तितकेच होते. फरक इतकाच की आदल्या दिवशी ते पुरतं तापलं नव्हतं. थंडीच दोषी असती तर त्या सकाळीही मिसिंग व्हायला हवं होतं. पुरत्या तापलेल्या इंजिनमध्ये जे असतं आणि अर्धवट तापलेल्यात नसतं, ते म्हणजे कूलंटचा दाब. अर्थात एका नोंदीवर हेड उतरवायचं नसतं. एखादा इंजेक्टरही फक्त गरम इंजिनच्या धगीत बंद झाल्यावर गळू शकतो. तेव्हा आधीचे संशयित एकेक करून बाजूला करायचे होते.

पहिली सकाळ: स्कॅनर आधी, किल्ली नंतर

स्कॅनर रात्रीच जोडून ठेवला. सकाळी किल्ली फक्त ऑनपर्यंत फिरवली, सेल्फ मारला नाही. या क्षणी कूलंटचं आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान शेजारी शेजारी वाचायचं. रात्रभर उभ्या गाडीत दोन्ही आकडे २–३ अंशांच्या आत जुळले पाहिजेत. इथे १५ आणि १६ होते. कूलंट सेन्सरचा प्रश्न दहा सेकंदांत निकालात निघाला. हीच तपासणी पाच महिन्यांपूर्वी झाली असती तर तो सेन्सर बदलावाच लागला नसता. या सेन्सरचा रेझिस्टन्स थंडीत जास्त आणि गरमीत कमी असतो. बऱ्याच गाड्यांत २० अंशांना दोन ते तीन किलोओहम आणि ८० अंशांना साधारण तीनशे ओहम. तो बिघडून इंजिन गरम असल्याचं खोटं सांगू लागला तर ईसीयू, म्हणजे इंजिनचा संगणक, थंडीतलं जादा पेट्रोल देत नाही आणि इंजिन अडखळतं. पण तसं झालं तर चारही सिलिंडर अडखळतील, एकटा तिसरा नाही.

मग रेकॉर्डिंग चालू करून सेल्फ मारला. आरपीएम, चारही सिलिंडरचे मिसफायर काउंटर, शॉर्ट आणि लाँग फ्यूल ट्रिम (ईसीयूने पेट्रोलच्या मात्रेत केलेली तात्काळ आणि दीर्घकाळची दुरुस्ती, टक्क्यांत), पुढच्या ऑक्सिजन सेन्सरचं व्होल्टेज, सगळं फाइलमध्ये आलं. पाऊण मिनिटात तिसऱ्या सिलिंडरचे १९० मिसफायर, बाकी तिघांचे शून्य. १२०० आरपीएमला एक सिलिंडर मिनिटाला ६०० वेळा पेटतो, म्हणजे ४५ सेकंदांत ४५०. त्यातले १९० फटके फुकट गेले. आणि ते एकसारखे पसरलेले नव्हते. पहिल्या दहा सेकंदांत जवळजवळ प्रत्येक फटका चुकत होता, मग हळूहळू कमी होत शेवटी बंद. काहीतरी वाळत जावं तसा हा आलेख होता. तुटकी वायर किंवा खराब कॉइल असा आलेख सहसा देत नाही.

काही जुन्या गाड्यांत ईसीयू स्टार्टनंतरच्या पहिल्या काही सेकंदांतले मिसफायर मोजतच नाही, तर काहींत काउंटर दिसतही नाहीत. तिथे जुनी पद्धत: चालू इंजिनवर एकेका इंजेक्टरचा कनेक्टर काढायचा. ज्याचा काढल्याने आरपीएम पडत नाही, तो सिलिंडर मेलेला. कॉइल काढून ही चाचणी करू नये. तसं केलं तर न जळलेलं पेट्रोल थेट धूर साफ करणाऱ्या कॅटलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो तापतो आणि आत वितळूही शकतो. चालू इंजिनची कॉइल हाताने उपटल्यावर बसणारा झटका वेगळाच.

गरम झाल्यावर लाँग ट्रिम +२ टक्के, शॉर्ट ट्रिम शून्याच्या आजूबाजूला. म्हणजे मॅनिफोल्डमध्ये चोरून हवा शिरत नव्हती. तशी हवा शिरत असेल तर आयडलवर ट्रिम +१५, +२० च्या पुढे जाते आणि २५०० आरपीएमला खाली येते, कारण तितक्याच चोरट्या हवेचा एकूण हवेतला वाटा कमी होतो. इथे एक सावधगिरी हवी. इनटेक मॅनिफोल्डचं गॅस्केट कधी कधी फक्त थंडीत फटीचं असतं आणि तापल्यावर बसतं. तेव्हा गरम इंजिनची ट्रिम पाहून त्याला निर्दोष ठरवता येत नाही. त्यासाठी पूर्ण थंड इंजिनवर स्मोक टेस्ट करावी लागते, म्हणजे मॅनिफोल्डमध्ये धूर भरून तो कुठून बाहेर येतो ते पाहायचं. ती केली, धूर कुठेही निघाला नाही.

प्लग, कॉइल आणि इंजेक्टर

त्या संध्याकाळी तिसऱ्याचा प्लग पहिल्यात आणि तिसऱ्याची कॉइल दुसऱ्यावर लावली. प्लग आणि कॉइल वेगवेगळ्या ठिकाणी हलवायचे, म्हणजे दोष हलला तर कोणाबरोबर हलला ते कळतं. दुसऱ्या सकाळी मिसफायर तिसऱ्यातच. इग्निशन संशयातून सुटलं.

इंजेक्टरचा संशय मात्र खरोखर तगडा होता. गाडी बंद केल्यावर पेट्रोलच्या रेलमध्ये (इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीत) दाब टिकून राहतो, या इंजिनमध्ये ३ बारच्या आसपास. इंजेक्टरची सुई नीट बसत नसेल तर तो दाब थेंब थेंब करून मॅनिफोल्डमध्ये किंवा उघड्या व्हॉल्व्हमधून सिलिंडरमध्ये उतरतो. सकाळी तो सिलिंडर पेट्रोलने चिंब, प्लग ओला, आणि वाळेपर्यंत मिसिंग. लक्षणं अगदी हुबेहूब हीच.

गळका इंजेक्टर आणि कूलंट या दोन संशयितांना वेगळं करायला एक सोपा प्रयोग आहे. रात्री गाडी पूर्ण गरम करून आणली, इंजिन चालू असतानाच पेट्रोल पंपाचा फ्यूज काढला. इंजिन आपोआप बंद पडलं. वर दोन-तीन सेकंदं सेल्फ फिरवला, म्हणजे रेलमधला उरलासुरला दाबही गेला. आता रात्रभर गळायला पेट्रोल दाबाखाली नाही. सकाळी फ्यूज लावला, किल्ली तीन वेळा ऑन-ऑफ करून पंपाला दाब भरू दिला आणि मग सेल्फ मारला. इंजेक्टर गळका असता तर त्या दिवशी इंजिन गुळगुळीत चालायला हवं होतं. तिसरा सिलिंडर तसाच, ४० सेकंदं मेलेला. शिवाय दाबाचा गेज लावून पाहिला तर बंद केल्यावर अर्ध्या तासानेही २.७ बार होता आणि चारही इंजेक्टरचा रेझिस्टन्स १४.२ ते १४.४ ओहम भरला.

या प्रयोगाचं उत्तर उलटं आलं असतं तर पुढची पायरी म्हणजे इंजेक्टरसकट रेल वर उचलून, खाली कोरडा कागद धरून, पंप चालू करून बसायचं. तेव्हा कागदावर ओला ठिपका उमटायला फार वेळ लागत नाही. जवळ ठिणगी नको आणि अग्निशामक हाताशी हवा, हे वेगळं सांगायला नको.

हायड्रॉलिक टॅपेट रात्रीत तेल सोडून बसतात तेव्हा सुरुवातीला वरून टिक-टिक ऐकू येते. इथे ती नव्हती. व्हॉल्व्ह सीलमधून तेल उतरत असतं तर निळसर धूर आणि काळा, तेलकट प्लग दिसला असता. तोही नव्हता.

एक थेंब

चौथ्या सकाळी सेल्फ मारलाच नाही. इंजिनला हात न लावता, रात्रभर जसं होतं तसंच, चारही प्लग काढले. अशा प्रकरणात सगळ्यात जास्त माहिती देणारी आणि सगळ्यात कमी वेळा केली जाणारी तपासणी हीच आहे. प्लग सगळे काढतात, पण गाडी गॅरेजमध्ये चालवत आणल्यावर. तोवर पुरावा जळून गेलेला असतो.

पहिला, दुसरा, चौथा कोरडे. त्यांच्या चिनी मातीवर फिकट तपकिरी रंग, तो निरोगी इंजिनचा. तिसऱ्याची चिनी माती नवीन बशीसारखी पांढरी, आणि मधल्या व बाजूच्या इलेक्ट्रोडमध्ये, ०.९ मिलिमीटरच्या फटीत, एक थेंब अडकून राहिलेला. पांढऱ्या कागदावर तो टिपला. पेट्रोल असतं तर वास आला असता आणि डाग काही मिनिटांत उडाला असता. हा डाग तासाभरानेही तसाच होता, बोटाला निसरडा, किंचित गोडसर वासाचा, आणि कडेला हिरवट छटा. चाखून पाहण्याचा मोह कोणी करू नये. कूलंटमधलं इथिलीन ग्लायकॉल विषारी असतं.

तो थेंब ठिणगीची वाट अडवतो. फटीत द्रव असला की वीज उडी मारण्याऐवजी त्यातून वाहून जाते. बाकीचे तीन सिलिंडर इंजिन फिरवत राहतात, तिसऱ्यातलं पाणी हवेच्या झोताबरोबर आणि उष्णतेने बाहेर पडतं, प्लगचं टोक तापून कोरडं होतं आणि सिलिंडर पेटू लागतो. हे व्हायला पाऊण मिनिट लागत होतं. काउंटरवर दिसलेला वाळत जाणारा आलेख म्हणजे हाच थेंब.

मग प्लगच्या भोकातून बोअरस्कोप, म्हणजे बारीक नळीवरचा कॅमेरा, घातला. तीन पिस्टनांची डोकी काळ्या कार्बनने मढलेली, तिसऱ्याचं एका बाजूने धुऊन काढल्यासारखं उघडं, अ‍ॅल्युमिनियम चमकत होतं. रोज थोडी वाफ तिथला कार्बन उडवून देते.

ज्या चाचण्यांनी उलटंच सांगितलं

यापुढचा टप्पा सगळ्यात फसवा असतो. हेड गॅस्केटचा (हेड आणि ब्लॉकच्या मध्ये बसून कूलंटला सिलिंडरबाहेर ठेवणाऱ्या पट्टीचा) संशय आला की दोन चाचण्या हमखास होतात आणि इथे दोन्ही पास झाल्या.

कॉम्प्रेशन: १२.४, १२.६, १२.२, १२.५ बार. तिसरा किंचित कमी, पण फरक ५ टक्क्यांच्याही आत. पुष्कळ जण इथेच म्हणतात, गॅस्केट ठीक आहे. पण कॉम्प्रेशन टेस्टमध्ये दाब क्षणभरच चढतो. केसासारख्या बारीक वाटेने त्या क्षणात जी हवा निसटते ती गेजवर दिसतच नाही. त्याच वाटेने कूलंटला मात्र झिरपायला तास न् तास मिळतात.

केमिकल टेस्ट: कूलंटच्या टाकीतली हवा निळ्या द्रावातून ओढायची, ज्वलनाचा वायू असेल तर द्राव पिवळा होतो. निळाच राहिला. ही चाचणी सिलिंडरमधून कूलंटमध्ये जाणारा वायू शोधते. इथे वाहतूक उलट्या दिशेने होती. रंग बदलला तर गॅस्केट गेलंच समजावं. रंग बदलला नाही म्हणून ते सुटलं असं होत नाही.

टाकीतली पातळीही फसवत होती. मालक म्हणत होते, कूलंट कमी होत नाही. पट्टी चिकटवून, इंजिन दर वेळी पूर्ण थंड असताना, सिरिंजने रेघेपर्यंत भरत गेल्यावर हिशेब लागला: तीन आठवड्यांत सुमारे ६० मिली. रोजचे जेमतेम ३ मिली. नुसत्या नजरेला हा फरक कळणं कठीण. सायलेन्सरच्या पांढऱ्या धुराचंही तसंच. सकाळच्या गारव्यात प्रत्येक पेट्रोल गाडी पांढरी वाफ सोडते, तीन मिलीची भर त्यात लपून जाते.

निर्णायक ठरली ती रात्रभराची प्रेशर टेस्ट. इंजिन पूर्ण गरम केलं, मग कूलंट ५० अंशांच्या खाली येईपर्यंत थांबलो. गरम टाकीचं झाकण उघडणं म्हणजे उकळत्या कूलंटचा फवारा अंगावर घेणं. मग झाकणाच्या जागी हातपंप बसवून दाब १ बारवर नेला. या गाडीचं झाकण १.१ बारचं, त्याच्या वर जायचं नाही, नाहीतर जुना रेडिएटर किंवा हीटरचा पाइप आपणच फोडून बसतो. तिसरा पिस्टन मध्यावर आणून ठेवला, म्हणजे सिलिंडरची भिंत कॅमेऱ्याला दिसेल.

दाबाच्या नुसत्या काट्यावर भरवसा ठेवू नये. इंजिन थंड होताना आतला द्रव आक्रसतो, त्यामुळे गळती नसली तरी काटा खाली येतो. सकाळी तो ०.५ वर होता आणि त्याचा अर्थ दोन्हीकडून लावता आला असता. कॅमेऱ्याला मात्र दुसरा अर्थ नव्हता. एक्झॉस्टच्या बाजूने, जिथे हेड ब्लॉकवर बसतं त्या रेघेतून एक ओघळ भिंतीवरून खाली आला होता आणि पिस्टनच्या कडेला साचला होता. बारीक नळीने ओढून घेतला तर २.५ मिली भरला.

गरम असताना गळत नाही ते का

अ‍ॅल्युमिनियम तापल्यावर बिडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. ३०० मिलिमीटर लांबीचं हेड ७० अंशांनी तापलं तर ते साधारण अर्धा मिलिमीटर लांब होतं, खालचा ब्लॉक पाव मिलिमीटरच. राहिलेला पाव मिलिमीटर गॅस्केटवर घासला जातो, प्रत्येक तापण्यात आणि प्रत्येक थंड होण्यात. १७ वर्षांत हे हजारो वेळा झालेलं असतं. शिवाय हेड आवळणारे बोल्ट स्टीलचे. हेड त्यांच्यापेक्षा जास्त फुगतं म्हणून गरम इंजिनमध्ये गॅस्केटवरची पकड वाढते आणि थंड होताना ढिली पडते.

गाडी बंद केल्यावर कूलंटमध्ये दाब असतो, सिलिंडरमध्ये नसतो. इंजिन निवत जातं तशी पकड सुटू लागते, पण दाब अजून पुरता गेलेला नसतो. झिरपणं या मधल्या काही तासांतच होतं. म्हणून एका तासानंतर काही नाही, चार तासांनंतर थोडं, अकरा तासांनंतर पूर्ण. आणि म्हणूनच तीन दिवसांनंतरही तेवढंच, कारण दाब पहिल्याच रात्री संपलेला. वहीतली प्रत्येक नोंद या एका कारणात बसली. निदान पक्कं झालं असं तेव्हाच म्हणावं.

हे असंच चालवत राहिलं तर? ३५० घन सेंटीमीटरच्या सिलिंडरला कॉम्प्रेशन रेशो १० असेल तर पिस्टन वर आल्यावर उरणारी जागा सुमारे ३९ घन सेंटीमीटर. २.५ मिलीने ती भरत नाही, पण वाट रुंद होत गेली आणि एका रात्री ४० मिली उतरलं तर सकाळी सेल्फ “ठक्” करून अडकेल आणि कनेक्टिंग रॉड वाकेल. सेल्फ असा अडकला तर पुन्हा मारायचा नाही, आधी प्लग काढायचे. दुसरं नुकसान गुपचूप होतं: रिंगांवरून खाली गेलेलं ग्लायकॉल तेलात मिसळून बेअरिंग खातं.

गळती बंद करणारी पावडर किंवा द्रव कूलंटमध्ये टाकण्याचा सल्ला अशा वेळी हमखास मिळतो. तो मानू नये. जे फट बुजवतं ते हीटर आणि रेडिएटरच्या बारीक नळ्याही बुजवतं, आणि ज्या इंजिनला आधीच गरमी सोसलेली नाही त्याची थंड होण्याची वाट आणखी अरुंद होते.

हेड उतरवल्यावर

हेडचे बोल्ट इंजिन पूर्ण थंड असतानाच, बाहेरून आत येत, थोडे थोडे करून सोडले. गॅस्केटवर तिसऱ्या सिलिंडरच्या कड्याला लागून, पाण्याच्या भोकापासून निघालेली ४ मिलिमीटर रुंद तपकिरी वाट स्पष्ट होती. कॅमेऱ्यात ओघळ जिथे दिसला होता, अगदी तिथेच.

हेडवर सरळ पट्टी आडवी, उभी आणि तिरपी ठेवून फिलर गेज (ठरावीक जाडीची पानं) सरकवला. दुसऱ्या-तिसऱ्या सिलिंडरच्या मध्ये ०.०८ मिलिमीटरचं पान गेलं. या इंजिनच्या पुस्तकातली मर्यादा ०.०५. ब्लॉक ०.०३, मर्यादेत. हेड प्रेशर टेस्टला दिलं, कारण तडा असेल तर नवं गॅस्केट घालून काहीच साधणार नव्हतं. तडा नव्हता. फेसिंगमध्ये, म्हणजे हेडचा तळ सपाट करताना, ०.१ मिलिमीटर काढलं. हेडची उंची पुस्तकातल्या किमान आकड्याच्या वर राहिली हे मोजून घेतलं.

ब्लॉक साफ करताना ग्राइंडरवरची खरखरीत चकती वापरू नये. तिचे कण तेलाच्या वाटांत जाऊन बेअरिंगपर्यंत पोचतात, शिवाय मऊ जागी खड्डे पडतात. प्लास्टिकची खरवडणी आणि धीर, एवढं पुरतं. बोल्टची भोकं हवेने कोरडी केली. तळ बंद असलेल्या भोकात तेल किंवा कूलंट राहिलं तर बोल्ट आवळताना त्याला जायला जागा नसते आणि ब्लॉक तडकतो. गॅस्केटवर दाब पडायच्या आधीच चुकीचा टॉर्क दिसतो, ते वेगळंच. बोल्ट नवे घेतले. जे बोल्ट टॉर्क आणि वर अंशांनी आवळतात ते ताणले गेलेले असतात, दुसऱ्यांदा तशी पकड देतीलच असं नाही. या इंजिनला ३० न्यूटन मीटर, मग ९० अंश, मग पुन्हा ९० अंश, मधून बाहेर. हे आकडे दुसऱ्या इंजिनला लावू नयेत, प्रत्येकाच्या पुस्तकात वेगळे असतात. गॅस्केट कोरडंच बसवलं, सीलंट नाही.

पण हेड वाकलं कशाने, हा प्रश्न सुटल्याशिवाय काम पूर्ण होत नाही. जुळणी झाल्यावर इंजिन उभ्या गाडीत चालू ठेवून स्कॅनरवर तापमान पाहिलं. ९७ अंशांना रेडिएटरचा पंखा हळू गतीने सुरू व्हायला हवा होता. झाला नाही. १०६ला एकदम जोरात सुरू झाला. पंख्याच्या हळू गतीचा रेझिस्टर जळालेला होता. गाडी चालत असताना हवेच्या झोताने भागायचं, पण रहदारीत प्रत्येक वेळी इंजिन जवळपास दहा अंश जास्त तापत होतं आणि डॅशबोर्डचा काटा मध्यावरच दिसत होता, कारण बऱ्याच गाड्यांत तो काटा मधल्या पट्ट्यात मुद्दाम स्थिर ठेवलेला असतो. हा रेझिस्टर तसाच राहिला असता तर नवं गॅस्केटही त्याच वाटेने गेलं असतं.

तेल आणि फिल्टर लगेच बदलले, ५०० किलोमीटरनंतर पुन्हा. कूलंट डिस्टिल्ड पाण्यात अर्धंअर्धं भरलं, हीटर पूर्ण गरमवर ठेवून हवा काढली. तिसऱ्याचा प्लग नवा.

खात्री करायला तीन रात्री गाडी मुद्दाम पूर्ण तापवून लावली, कारण अर्धवट तापवून उभी केलेली गाडी आधीही सकाळी छान चालत होती. तीन सकाळी तिसऱ्या सिलिंडरचे मिसफायर: शून्य, एक, शून्य. कूलंटची पातळी पहिल्या तीन दिवसांत बोटभर खाली आली, ती आत राहिलेली हवा निघाल्याने. एकदा रेघेपर्यंत भरल्यावर १००० किलोमीटरला सिरिंज लागली नाही.

एका गोष्टीवर अजून नजर ठेवायची आहे. पाच महिने एक्झॉस्टमधून कूलंट गेलेलं आहे, आणि त्यातले क्षार पुढच्या ऑक्सिजन सेन्सरच्या टोकावर बसतात. सध्या तो गरम इंजिनवर ०.१ ते ०.८ व्होल्टच्या मध्ये झपझप हलतोय. तो मंदावू लागला किंवा मागच्या सेन्सरचं व्होल्टेज पुढच्यासारखंच वरखाली व्हायला लागलं, तर सेन्सर आणि कॅटलिटिक कन्व्हर्टर त्या क्रमाने तपासायचे. दर तेलबदलीला स्कॅनर जोडून या दोन रेघा पाहायच्या, एवढं मालकांच्या वहीत लिहून दिलं आहे.